लूर्डचे बहात्तर बरे झाले, बाकीच्यांची नोंद कुठे?

कोरा_कागद (धागालेखक)

एप्रिल २०२५ मध्ये लूर्डच्या खात्यावर बहात्तरावा चमत्कार जमा झाला. इटलीतल्या एका बाईंना प्रायमरी लॅटरल स्क्लेरोसिस होता, म्हणजे स्नायूंवरचा ताबा हळूहळू सुटत जाणारा मज्जातंतूंचा आजार. २००९ मध्ये त्यांनी फ्रान्समधल्या लूर्डला जाऊन तिथल्या पाण्यात स्नान केलं, घरी परतल्या आणि आपल्या पायांनी चालू लागल्या. तपासण्या, कागदपत्रं, डॉक्टरांच्या बैठका असं सगळं होऊन सोळा वर्षांनी चमत्कार जाहीर झाला. माझ्यापर्यंत ही बातमी आली ती 'विज्ञानाने हात टेकले' अशा मथळ्याखाली. म्हणून हा धागा.

आधी चर्चच्या पदरात टाकायचं ते टाकतो. चमत्कार तपासण्याची कॅथलिक पद्धत कुठल्याही बुवा-बापूच्या दरबारापेक्षा कितीतरी कडक आहे. प्रॉस्पेरो लँबर्टिनी (पुढे पोप बेनेडिक्ट चौदावे) यांनी १७३०च्या दशकात ज्या कसोट्या लिहून ठेवल्या त्या आजही वापरात आहेत. आजार गंभीर हवा, तो आपोआप ओसरण्याच्या टप्प्यावर नको, औषधाने गुण आलेला नको, आणि बरं होणं एकदम, पूर्ण आणि टिकाऊ हवं. लूर्डमध्ये १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे आणि तिथे नास्तिक डॉक्टरलाही कागद बघता येतात. सात हजारांहून जास्त दावे नोंदले गेले, मान्य झाले बहात्तर. म्हणजे शंभरात एक.

चाळणी बारीक आहे यात वाद नाही. पण तिच्यात ओततात काय? बर्नाडेट सुबिरू या चौदा वर्षांच्या मुलीला १८५८ मध्ये तिथल्या गुहेत मरियामातेचं दर्शन झालं असं मानतात. तेव्हापासून तिथे कोट्यवधी माणसं जाऊन आली, त्यातली कितीतरी दुखणी घेऊनच. जो बरा झाला तो कार्यालयाची पायरी चढतो. जो घरी परतून महिन्याभरात गेला त्याचे नातेवाईक फॉर्म भरायला येत नाहीत. अंश आहे, छेद नाही, आणि अपूर्णांक मात्र आपण वाचतोय.

आता यात एवढंच मिसळा की काही आजार कधीकधी आपले आपणच ओसरतात. मूत्रपिंडाचा कॅन्सर, मेलॅनोमा (त्वचेचा कॅन्सर), तान्ह्या मुलांमधला न्यूरोब्लास्टोमा (चेतापेशींचा कॅन्सर) यांच्या अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. क्वचित घडतं, पण घडतं. मग कोट्यवधींच्या गर्दीत अशी मूठभर माणसं सापडणारच, आणि ती लूर्डला न जाता घरी राहिली असती तर काय झालं असतं हे कळायला काही मार्ग नाही.

दुसरं म्हणजे, लूर्डची डॉक्टर-समिती 'चमत्कार' हा शब्द उच्चारतच नाही. आजच्या वैद्यकीय ज्ञानात याचं स्पष्टीकरण सापडत नाही, एवढंच ती म्हणते. चमत्कार म्हणतात ते बिशप. बातमीत ही दोन वाक्यं एकमेकांना चिकटवून टाकतात आणि सगळा घोळ त्या सांध्यात आहे. 'आम्हाला कळलं नाही' यातून 'हे मरियामातेने केलं' हे कसं काय निघतं?

आणि यादीतले आजार बघा. जुन्या प्रकरणांत क्षयाचा भरणा आहे. एक्स-रे नव्हता किंवा नवाच होता, निदान म्हणजे बरंचसं डॉक्टरांचं मत. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं, निदान नेमकं झालं, आणि मान्यतेचा ओघ आटला. तुटलेला पाय पुन्हा उगवला असं या बहात्तरांत एकही नाही.

चर्चा व्हावी. कुणाच्या धर्मावर घसरू नये ही विनंती.

उंटावरचा

पहिला. आता निवांत वाचतो.

सरळसोट

अखेर कुणाला तरी 'त्यांच्या'बद्दल लिहायचं धैर्य झालं! एरवी तुम्हा लोकांची चिकित्सा आमच्याच देवळाच्या पायरीशी सुरू होते आणि तिथेच संपते.

मेणबत्ती

मी कॅथलिक. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवत नाही. त्यामुळे घरातली माणूस म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट बाहेरच्यांना बहुतेकदा माहीत नसते. लूर्ड, फातिमा वगैरे दर्शनं मानणं आम्हाला सक्तीचं नाही. चर्चच्या शिकवणीत ती 'खासगी प्रकटीकरणं' आहेत. एखादा लूर्डवर काडीचा विश्वास न ठेवता अगदी कडवा कॅथलिक असू शकतो. आमच्याच घरात आहेत असे, आणि जेवताना भांडतात.

दुसरं, चर्च 'नाही' म्हणतं त्याच्या बातम्या होत नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकेत युटा राज्यात मिस्सेतली ओस्ती (प्रसादाची पातळ भाकरी) पाण्यात ठेवल्यावर लालभडक झाली, लोक रक्त म्हणून गुडघे टेकायला लागले. धर्मप्रांताने तपासून घेतली, ती लाल बुरशी निघाली आणि त्यांनीच तसं जाहीर केलं. रोमजवळच्या त्रेविन्यानोत मूर्तीच्या डोळ्यांतून रक्त येतं म्हणून काही वर्षं गर्दी जमत होती. मार्च २०२४ मध्ये तिथल्या बिशपांनी यात अलौकिक काही नाही असा निर्णय दिला. त्यानंतर मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने नवे नियम काढले. आता बिशप साधारणपणे 'हे अलौकिक आहे' अशी मोहर उठवणारच नाहीत. फार तर 'भक्ती करायला हरकत नाही' म्हणतील.

तिसरं म्हणजे स्वतः बर्नाडेट. जन्मभर दमा, पुढे हाडांचा क्षय, १८७९ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी गेली. हे आम्ही लपवत नाही, उलट प्रवचनात सांगतात. लूर्डला जाणारा प्रत्येक जण बरं व्हायलाच जातो हा समजही बाहेरचाच. माझी मावशी व्हीलचेअरवर गेली आणि व्हीलचेअरवरच परत आली. फसवलं गेल्याचं तिच्या मनात कधी आलं नाही.

जाता जाता: लूर्डच्या यादीत नसेल, पण पाय उगवल्याचा दावा आहे हो. स्पेन, कालांदा, १६४०. सारागोसाच्या आर्चबिशपांनी १६४१ मध्ये मान्यही केला. मानायचा की नाही तुम्ही ठरवा.

कोरा_कागद

मेणबत्तीताई, प्रतिसाद आवडला. असेच यावेत म्हणून धागा काढला.

कालांदाबद्दल एवढंच म्हणतो की पाय कापला होता की नाही यावरच तिथे शंका घेतली जाते, आणि त्या काळची साक्ष आज उलटतपासायला कुणी उरलेलं नाही. पण तितकं मागे जायचीही गरज नाही. लूर्डचा एकाहत्तरावा चमत्कार बघा. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला ब्रिटिश सैनिक, १९२३ मध्ये बरा झाला, डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता. शंभर वर्षांनी! रुग्ण १९४३ मध्ये वारला. तपासलं काय असेल? जुने कागद.

मावशींबद्दल आदरच आहे. समाधान मिळालं असेल तर माझं काही म्हणणं नाही. माझा वाद 'पुरावा' या शब्दाशी आहे.

सरळसोट, तुमच्यासाठी वेगळं लिहितो. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, तेव्हा पृष्ठताण आणि केशाकर्षण (बारीक वाटांतून द्रव आपोआप ओढला जाणं) हे शब्द पेपरांत छापून आले. २०१२ मध्ये मुंबईत इर्ल्याच्या वेलंकनी चर्चमध्ये येशूच्या पायातून पाणी ठिबकलं, तेव्हाही तेच केशाकर्षण. भौतिकशास्त्राने जात-धर्म विचारला नाही.

तिरपागडा

इर्ल्याचा विषय निघालाच आहे तर माझ्या धंद्यातलं सांगतो. मी गळती शोधून देतो. वॉटरप्रूफिंग म्हणा.

लोकांना वाटतं पाणी वरून खाली येतं, तर छतात बघा. निम्म्या वेळा पाणी खालून वर चढलेलं असतं. नहाणी ट्रॅप तुंबला, जोडावर फट असली की पाणी भिंतीच्या पायात मुरतं. वीट, प्लास्टर, लाकूड यांत केसाएवढ्या वाटा असतात, त्यातून ओल चढते. किती चढेल ते त्या वाटा किती बारीक आहेत यावर. भिंतीला रंग चांगला जाड असेल तर बाहेर डागही दिसत नाही. मग जिथे खिळा ठोकलाय, जिथे भोक आहे, तिथे ती तोंड काढते आणि थेंब धरतो. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की या भिंतीत पाइपच नाही. पाइप पलीकडच्या भिंतीत असतो.

इर्ल्यात बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी जाऊन हेच दाखवलं. जवळच्या स्वच्छतागृहाचा निचरा तुंबलेला, पाणी भिंतीत ओढलं गेलेलं आणि खिळ्याच्या जागी ठिबकणारं. लोक ते पाणी तीर्थ म्हणून बाटल्यांत भरून नेत होते. कुठलं पाणी ते आता मी लिहीत नाही, जेवायची वेळ आहे.

पुढे काय? पोलिसांत तक्रारी, कलम २९५ अ, धार्मिक भावना दुखावल्या. त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. आमच्या धंद्यात गळती शोधली की पैसे मिळतात.

उंटावरचा

शेवटचं वाक्य वाचून चहा नाकात गेला.

मेणबत्ती

तिरपागडाभाऊ, मुंबईच्या धर्मप्रांताने तो चमत्कार म्हणून जाहीर केलेला नव्हता, हेही लिहा. पण त्या तक्रारी झाल्या याची मला लाज वाटते. निचरा तुंबला हे सांगणाऱ्याचे आभार मानून प्लंबर बोलवायला हवा होता.

रक्तगट_ओ

मी डॉक्टर आहे, तातडीच्या विभागात काम करते. लूर्डने माझं फारसं काही बिघडत नाही. तिथे निदान कागद तरी मागतात. माझा राग दुसऱ्या दोन ठिकाणी आहे.

एक, मदर तेरेसांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) ठरवताना धरलेलं प्रकरण. पश्चिम बंगालमधली एक आदिवासी बाई, पोटात गाठ. मदरच्या पहिल्या स्मृतिदिनी, म्हणजे ५ सप्टेंबर १९९८ ला, पोटावर मदरचं पदक ठेवून प्रार्थना केली आणि गाठ गेली असा दावा. तिच्यावर उपचार करणारे सरकारी डॉक्टर उघडपणे सांगत राहिले की ती क्षयामुळे झालेली गाठ होती आणि क्षयाची औषधं कित्येक महिने चालू होती. पोटाचा क्षय औषधाने बरा होतो, आम्ही हे रोज बघतो. आता धाग्याच्या सुरुवातीला लिहिलेली लँबर्टिनींची कसोटी आठवा, औषधाने गुण आलेला नको. तरी १९ ऑक्टोबर २००३ ला सोहळा झाला. कसोटी कागदावर असणं वेगळं आणि लावणं वेगळं.

दोन, आरोग्यदान प्रार्थनांचे, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याचे मेळावे. एक मुलगा आमच्याकडे आणला होता, विशीचा, टाइप वन मधुमेह. श्वास खोल आणि जोरजोरात, धावून आल्यासारखा, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. ग्लुकोमीटरवर आकडा येईना, नुसतं 'हाय'. आईला विचारलं, इन्सुलिन कधी घेतलं? ती बोलेना. मग धाकट्या भावाने सांगितलं की मेळाव्यात स्टेजवरून 'तू बरा झालास, आता अविश्वास दाखवू नकोस' म्हणाले, तेव्हापासून सुई बंद. टाइप वनमध्ये सुई बंद केली की दोन-तीन दिवसांत माणूस जाऊ शकतो. सलाइन, इन्सुलिन, पोटॅशियम, रात्रभर दर तासाला साखर. वाचला. सकाळी आई म्हणाली, "प्रार्थनेनेच वाचला."

मेळावा कॅथलिकांचा होता की दुसऱ्या पंथाचा, हे त्यांना नीट सांगता आलं नाही. मला फरकही पडत नाही.

नवसागर

डॉक्टर, वाचून अंगावर काटा आला. तुमच्यानंतर माझा प्रतिसाद पोरखेळ वाटेल, पण मी रसायनशास्त्र शिकवतो आणि कॅथलिक चमत्कार म्हटलं की मला इटलीतलं नेपल्सच आठवतं.

संत जनुआरियस यांचं म्हणून एक वाळलेलं गडद द्रव्य काचेच्या कुपीत आहे. वर्षातून तीनदा ते लोकांसमोर आणतात आणि ते पातळ होतं. पहिली नोंद १३८९ ची. १९९१ मध्ये गार्लास्केली या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने आणि दोघा सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं. फेरिक क्लोराईडच्या द्रावणात थोडं थोडं कॅल्शियम कार्बोनेट घालायचं, पातळ पडद्यातून डायलिसिस करून घ्यायचं, शेवटी चिमूटभर मीठ. तपकिरी-लाल जेल तयार होतं. ठेवून दिलं की थिजतं, हलवलं की पातळ होतं.

विद्यार्थ्यांसोबत करून बघितलंय. घाई केली तर नुसता गाळ बसतो. संयमाने केलं तर परीक्षानळी आडवी केली तरी जेल जागचं हलत नाही, आणि बोटाने एक टिचकी मारली की धार लागते. वर्गात हमखास कुणीतरी ओरडतं. चौदाव्या शतकात हे सगळं मिळत होतं, आणि फेरिक क्लोराईडचं खनिज तर शेजारच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवरच सापडतं. आता गंमत बघा, द्रव्य पातळ झालं का हे पाहायला विधीतच कुपी कलंडवून बघतात!

यातून कुपीत हेच आहे असं सिद्ध होत नाही. असं द्रव्य त्या काळी बनू शकत होतं, इतकंच. कुपी उघडून थेंब काढू दिला तर दुपारपर्यंत उत्तर मिळेल. उघडू देत नाहीत. येशूचं म्हणून मानतात त्या ट्यूरिनच्या कफनाचा तुकडा मात्र दिला होता. १९८८ मध्ये तीन प्रयोगशाळांनी कार्बन मोजला, काळ निघाला १२६० ते १३९०. बहुधा तेव्हाच कानाला खडा लावला असावा.

सरळसोट

हे सगळं ठीक, पण प्रार्थनेत शक्ती असतेच. सगळ्याच धर्मांच्या. प्रयोगशाळेत नाही मोजता येत.

कोरा_कागद

मोजून झालंय. २००६ मध्ये हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. सहा रुग्णालयं, बायपासचे १,८०२ रुग्ण. तीन गट प्रार्थना करत होते, त्यातले दोन कॅथलिक. पैसा धर्माबद्दल आस्था असलेल्या टेम्पल्टन फाउंडेशनचा, म्हणजे नास्तिकांचा कट नव्हे. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्यात प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, न झालेल्यांपैकी ५१ टक्क्यांना. आणि 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे' असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ५९ टक्के.

रक्तगट_ओ

तो ५९ योगायोगही असू शकतो, त्यावर फार इमारती बांधू नका. पण फायदा दिसला नाही हे पक्कं.

मेणबत्ती

देवाची परीक्षा पाहू नये असं शास्त्रातच आहे. १,८०२ माणसांवर प्रार्थनेचा डोस मोजणं म्हणजे आमच्या दृष्टीने प्रार्थनाच नाही. देव काही यंत्र नाही, नाणं टाकलं की वस्तू बाहेर यायला. तुमचा अभ्यास फसला तर मला त्यात नवल वाटत नाही, आणि यशस्वी झाला असता तर मला जरा भीतीच वाटली असती.

कोरा_कागद

ताई, इथेच मला नेमकं बोट ठेवायचंय. ही भूमिका मला मान्य आहे, पण मग ती दोन्हीकडे लावा.

कुणाला संत ठरवण्यासाठी चमत्कार तपासताना काय करतात? आजाऱ्याच्या घरच्यांनी एकाच उमेदवाराला साकडं घातलं होतं का हे बघतात, म्हणजे श्रेय कुणाचं ते ठरवता यावं. मग बरं झालं ते एकदम का, टिकलं का, औषध होतं का. हा प्रयोगच झाला की! फक्त यात नापास झालेले धरत नाहीत. कार्लो अकुतिस हा मुलगा २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरने गेला आणि ७ सप्टेंबर २०२५ ला संत झाला. त्याच्या नावाने जगभरात किती आजारी मुलांसाठी प्रार्थना झाल्या असतील? त्यातली दोन प्रकरणं फाइलमध्ये आली. गुण आला तर पुरावा, नाही आला तर 'परीक्षा पाहू नये'. ज्या दाव्याला हरताच येत नाही, त्याच्या जिंकण्याला मी काय किंमत देऊ?

त्यातून १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी संतपदाची प्रक्रिया सोपी केली. उमेदवाराविरुद्ध बाजू मांडणारा 'सैतानाचा वकील' पूर्वीसारखा उरला नाही. पुढे त्यांनी एकट्याने ४८२ संत जाहीर केले.

मेणबत्ती

विरोधी बाजू ऐकतच नाहीत असं नाही. मदर तेरेसांच्या वेळी ख्रिस्तोफर हिचेन्ससारख्या कट्टर टीकाकाराची साक्ष घेतली होती. आणि २०१६ पासून व्हॅटिकनच्या वैद्यकीय मंडळात सातपैकी किमान पाच डॉक्टर 'स्पष्टीकरण नाही' म्हणाले तरच प्रकरण पुढे जातं. पूर्वी साधं बहुमत पुरायचं.

पण छेदाचा मुद्दा मी दिवसभर डोक्यात घोळवतेय आणि उत्तर सापडलेलं नाही. एवढंच म्हणेन की माझी श्रद्धा त्या फाइलींवर उभी नाही. फाइली उद्या जळाल्या तरी रविवारी मी जाणारच. मात्र चर्चने त्यांना 'पुरावा' म्हणून पुढे करावं का, यावर तुमच्याशी भांडणं मला अवघड जातंय.

डॉक्टर, तुमच्या त्या मुलाबद्दल. व्हॅटिकनने सप्टेंबर २००० मध्येच आरोग्यदानाच्या प्रार्थनांवर लेखी सूचना काढली होती, तेव्हाचे कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीने. उन्माद, नाटकीपणा, सनसनाटी नको असं त्यात स्पष्ट आहे. बिशपांनी लक्ष ठेवायचं आहे. कागदावर असणं आणि लावणं वेगळं, हे तुम्ही वर म्हणालातच.

रक्तगट_ओ

नियम चांगला आहे. स्टेजवर काय होतं ते सांगा. 'औषधं बंद करू नका' अशी घोषणा करतात का?

मेणबत्ती

मी गेलेय तिथे करतात, सुरुवातीला, एकदा. त्यानंतर साक्षी सुरू होतात. कुणीतरी माइक हातात घेऊन 'मी गोळ्या फेकून दिल्या' म्हणतं आणि सगळा मंडप टाळ्या वाजवतो. घोषणा कुणाच्या लक्षात राहणार?

रक्तगट_ओ

मग साक्ष देणाऱ्याला आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट आणायला सांगा, आणि वर्षभराने बोलवा. लँबर्टिनींनीही टिकाऊपणा मागितलाच होता. टाइप वनवाल्याला तर स्टेजवर चढवूच नका.

तिरपागडा

आमच्यातही असंच आहे. एक पावसाळा कोरडा गेल्याशिवाय गळती थांबली म्हणून मी लिहून देत नाही.

मेणबत्ती

आमच्या फादरना या रविवारी विचारते. वर्षभर थांबायला तयार होतील असं वाटत नाही, रिपोर्टचं कदाचित ऐकतील. काय म्हणतात ते इथेच लिहीन.

सरळसोट

आणि आमच्या बुवांच्या स्टेजवर रिपोर्ट कोण मागणार?

कोरा_कागद

तुम्ही मागा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि त्यात बुवा, बाबा, फादर असा भेद नाही. वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

उंटावरचा

माझा दुसरा.